कापसात गुंडाळलेले द्राक्षाचे घड

आपल्या केळापूर तालुक्यात द्राक्षाची बाग शोधायला निघाले, तर अख्खा दिवस जाईल आणि हाती फारसे काही लागणार नाही. आपली शेते पऱ्हाटीची, तुरीची, सोयाबीनची. द्राक्षे येतात ती नाशिक-सांगलीकडची, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पांढरकवड्याच्या बाजारात हातगाडीवर. मग इथल्या वाचकाला द्राक्षाची आणि द्राक्षाच्या वाइनची गोष्ट कशाला सांगायची? तर या गोष्टीत कापूस आहे म्हणून.

सन १८७८ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधल्या एका लहान गावाजवळ पंचावन्न वर्षांचा एक माणूस स्वतःच्या बागेत हिरव्या द्राक्षांचे घड कापसात गुंडाळून ठेवत होता. डाव्या अंगावरून वारे गेलेले, त्यामुळे तो पाय ओढत चाले. कापूस साधा नव्हता, आधी चांगला भाजून घेतलेला होता. काही वेलींवर तर त्याने काचेची घरेच बसवली होती. शेजारच्या बागवाल्यांनी काय म्हटले असेल ते आपण आपल्या गावावरून ओळखावे. या माणसाचे नाव लुई पाश्चर. पिशवीतल्या दुधावर पाश्चराइज्ड असे छापलेले आपण रोज वाचतो, ते याच्याच नावावरून. कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्यात जी सुई टोचतात, तिची सुरुवातही याच्यापासून. पण त्याच्या आयुष्यात द्राक्षाला किती मोठी जागा होती, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.

चांभारनळ्याचा मुलगा

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा भागात, दोल या गावी. बाप झाँ-जोसेफ हा नेपोलियनच्या फौजेत सार्जंट होता. फौज मोडल्यावर कातडी कमावण्याच्या धंद्यात परतला. लुई लहान असतानाच घर आर्बुआ या गावी आले. नदीकाठी घर, घरातच कातड्याचे हौद, आणि गावाच्या चारी बाजूंनी टेकड्यांच्या उतारावर द्राक्षाच्या बागा. तिथे बहुतेक घरांचे पोट बागेवर चाले. द्राक्षे तोडायची, तुडवायची, तळघरातल्या लाकडी पिंपात आंबवायची आणि वर्षभर ती वाइन विकायची. आपल्याकडे कापूस घरात भरून ठेवतात आणि भावाची वाट बघतात, तसेच काहीसे. फरक एवढाच, की कापूस घरात राहून आंबट होत नाही.

पाश्चर या शब्दाचा फ्रेंच भाषेत मूळ अर्थ मेंढपाळ. पुढे याच माणसाने मेंढ्यांना लस टोचून नाव कमावले, हा आपला एक योगायोग.

शाळेत तो फार चमकदार नव्हता. चित्रे मात्र छान काढी. आईचे, बापाचे, गावातल्या लोकांचे चेहरे त्याने रंगवलेले आजही जपून ठेवले आहेत. पंधराव्या वर्षी त्याला पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला धाडले, तर पोराला गावाची इतकी आठवण येऊ लागली की महिनाभरातच बाप जाऊन त्याला घेऊन आला. यवतमाळ-नागपूरच्या वसतिगृहात पोरगा ठेवून आलेल्या आईबापांना हे नवे वाटणार नाही. नंतर मात्र तो पुन्हा गेला आणि १८४३ साली पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत दाखल झाला. विषय घेतला रसायनशास्त्र.

पिंपाच्या तळाचा गाळ

त्याचा पहिला मोठा शोध द्राक्षातूनच निघाला. वाइनच्या पिंपाला आतून एक कडक खपली धरते. तिला टार्टर म्हणतात. द्राक्षातले आम्ल त्यात साचलेले असते. रंगाऱ्यांना ते लागे, म्हणून त्याचे कारखाने होते. या कारखान्यांत कधीमधी टार्टरिक आम्लाबरोबर त्याच्यासारखेच दिसणारे, पण प्रकाशाशी वेगळे वागणारे दुसरे आम्ल निघे. असे का, हे मोठमोठ्यांना उमगत नव्हते. १८४८ साली पंचविशीतल्या पाश्चरने या दुसऱ्या आम्लाचे स्फटिक भिंगाखाली धरले आणि पाहिले, की त्यांत दोन प्रकार आहेत. उजवा हात आणि डावा हात जसे सारखे असून एकमेकांवर बसत नाहीत, तसे. चिमट्याने त्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले. तांदळातले खडे निवडावे तसे. दोन्ही ढिगांचे पाणी वेगवेगळे तपासले, तर एक प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसरे डावीकडे. बियो नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या शास्त्रज्ञाने हे आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावले, तेव्हाच मानले.

पुढे १८५२ साली हे दुसरे आम्ल कुठे मिळते याचा माग काढत तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि प्रागपर्यंत फिरला. कारखानदाराला तो विचारी, की तुमचा कच्चा टार्टर येतो कुठून? कोणत्या मुलखातल्या वाइनचा? आला तसा वापरता की आधी धुऊन साफ केलेला? चौकशीतून त्याला उलगडले, की ते आम्ल कच्च्या मालातच असते आणि साफ करताना वाहून जाते. माल कुठून आला आणि कसा आला हे विचारायची ही खोड त्याला जन्मभर राहिली.

दरम्यान १८४९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे त्याचे मारी लॉराँ हिच्याशी लग्न झाले. तिने नवऱ्याचा संसार तर केलाच, पण रात्री बसून त्याचे टिपण लिहून काढण्याचे कामही केले. त्यांना पाच मुले झाली. त्यांतल्या तीन मुली लहानपणीच गेल्या, दोघी विषमज्वराने. थोरली झान १८५९ साली आर्बुआलाच गेली. जंतूंच्या मागे हा माणूस एवढा हात धुऊन का लागला, याचे एक कारण इथेही असावे असे वाटते.

१८५४ साली तो लील शहरी प्राध्यापक झाला. तिथे बिगो नावाचे एक कारखानदार बीटापासून अल्कोहोल काढत. त्यांची काही पिंपे आंबट व्हायला लागली, तेव्हा ते पाश्चरकडे आले. पाश्चर रोज कारखान्यात जाऊन पिंपातला रस सूक्ष्मदर्शकाखाली पाही. चांगल्या पिंपात गोल गोल दाणे, म्हणजे यीस्ट. बिघडलेल्या पिंपात त्याऐवजी बारीक काड्यांसारखे जंतू. दूध विरजणारे जंतू ते याच जातीचे. आपल्या घरातली बाई विरजण चांगले असेल तर दही चांगले हे जाणतेच. पण ते विरजण जिवंत असते हे १८५७ साली पाश्चरने मांडले, तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही.

हे जंतू येतात कुठून? काही म्हणत, आपोआप उपजतात. हे खोडून काढताना कापूस पहिल्यांदा पाश्चरच्या कामी आला. बाहेरची हवा त्याने रासायनिक प्रक्रिया केलेल्या कापसाच्या बोळ्यातून ओढून घेतली, मग तो बोळा विरघळवला आणि खाली बसलेली धूळ पाहिली, तर तिच्यात जंतू. १८६० मध्ये त्याने उकळलेल्या रसाच्या सीलबंद कुप्या वेगवेगळ्या जागी नेऊन उघडल्या आणि पुन्हा बंद केल्या. आर्बुआजवळच्या शिवारात वीस उघडल्या, त्यांतल्या आठ नासल्या. जुराच्या डोंगरावर वीस, त्यांत पाच. आल्प्सच्या बर्फाजवळ वीस, त्यांत एकच. हवा जितकी स्वच्छ तितकी नासाडी कमी. एवढ्या साध्या हिशेबाने शेकडो वर्षांचा वाद बराचसा मिटला.

आजारी वाइन

१८६० साली फ्रान्सने इंग्लंडशी व्यापाराचा करार केला आणि फ्रेंच वाइनला मोठी बाजारपेठ उघडली. पण माल जाता जाताच बिघडे. कुठे आंबट, कुठे कडू, कुठे तेलासारखा तार धरलेला. बागवाले म्हणत हवामान, व्यापारी म्हणत पिंप, आणि कोणी म्हणे वाइनचा स्वभावच तसा. १८६३ मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याने पाश्चरला यात लक्ष घालायला सांगितले. पाश्चर पॅरिसमध्ये बसून राहिला नाही. दुसऱ्या वर्षी दोन-तीन शिष्य घेऊन तो आर्बुआला आला आणि गावाच्या कडेच्या एका जुन्या कॉफीघराच्या खोलीत त्याने प्रयोगशाळा थाटली. गॅस नाही, नळ नाही. कोळशाची शेगडी भाता मारून पेटवायची आणि पाणी हाताने भरायचे. टेबले गावच्या सुताराने, भांडी गावच्या पत्रेवाल्याने केली. ओळखीच्या घरांच्या तळघरांतून नमुने आणायचे, चव घ्यायची आणि गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा.

हळूहळू चित्र स्पष्ट झाले. वाइनचा प्रत्येक रोग निराळा आणि प्रत्येकाचा जंतूही निराळा. आंबट होणाऱ्या वाइनमध्ये शिरक्याचा जंतू, कडू होणारीत दुसरा, तार धरणारीत मण्यांच्या माळेसारखा तिसरा. पुढे पुढे तर पाश्चर चव न घेता, नुसता गाळ बघून सांगे की या वाइनला काय झाले आहे. उपाय म्हणून त्याने आधी औषधे घालून पाहिली, ती जमली नाहीत. मग बंद बाटलीतली वाइन पन्नास ते साठ अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवली. जंतू मेले, चव फारशी गेली नाही. १८६५ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले, आणि मग पैसा न करता ते सर्वांसाठी मोकळे केले. पुढच्याच वर्षी वाइनवरचे त्याचे पुस्तक निघाले. आरमाराने पाचशे लिटर वाइन, निम्मी तापवलेली आणि निम्मी न तापवलेली, ब्रेस्ट बंदरातून एका जहाजावर चढवली. दहा महिन्यांनी जहाज परतले, तेव्हा तापवलेली नितळ होती आणि दुसरी आंबट व्हायच्या मार्गाला लागली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तापवून पदार्थ टिकवायची युक्ती पाश्चरची पहिली नव्हे. अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने त्याच्या कितीतरी आधी बाटल्या उकळून अन्न टिकवले होते. पाश्चरचे काम हे, की का टिकते ते त्याने दाखवले. दुधासाठी ही रीत १८८६ मध्ये जर्मनीतल्या सॉक्सलेट याने सुचवली, आणि गंमत अशी, की आज चांगली वाइन सहसा तापवत नाहीत, दूध मात्र जगभर तापवतात.

नंतरची काही वर्षे रेशमाच्या किड्यांत गेली. दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाचा धंदा रोगाने बुडायला आला होता. अंडी घातल्यावर मादी पतंग चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, रोगी निघाला तर तिची अंडी जाळायची, ही साधी रीत त्याने बसवली. आज आपल्याकडे तुती लावणारे शेतकरी रोगमुक्त अंडीपुंज घेतात, त्यांच्या मागे हीच रीत आहे. याच काळात, ऑक्टोबर १८६८ मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. वय पंचेचाळीस.

स्वतःची बाग

१८७४ साली पाश्चरने आर्बुआजवळ रोझिएर या ठिकाणी बागेचा एक लहान तुकडा विकत घेतला. आता त्याच्याकडे स्वतःच्या द्राक्षाची वाइन होती. पण त्या बागेचा खरा उपयोग चार वर्षांनी झाला.

क्लोद बर्नार हा फ्रान्सचा थोर शरीरशास्त्रज्ञ, पाश्चरचा मित्र. फेब्रुवारी १८७८ मध्ये तो वारला. उन्हाळ्यात त्याच्या अर्धवट टिपणांची एक जुडी बर्तलो या रसायनशास्त्रज्ञाने छापली. त्यात होते, की द्राक्षाचा रस आंबायला जिवंत यीस्ट लागतच नाही. पिकलेल्या फळाच्या रसातच आंबवणारे द्रव्य असते. म्हणजे पाश्चरचे वीस वर्षांचे म्हणणे खोटे. मेलेल्या मित्राशी भांडावे कसे? पाश्चरने तोंडाने भांडायच्या आधी बाग गाठली.

त्याचा विचार सोपा होता. यीस्ट जर बाहेरून येऊन द्राक्षाच्या सालीवर बसत असेल, तर ते बसायच्या आधीच घड झाकला पाहिजे. आणि द्राक्षे हिरवी, आंबट असतात तोवर सालीवर यीस्ट नसते, हे त्याने पाहून ठेवले होते. घाई करायला हवी होती. काचेची घरे तातडीने बनवून घेतली, रेल्वेने आणली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला काही वेलींवर उभी केली. काचेच्या आतले काही घड वर आणखी भाजलेल्या कापसात गुंडाळले. बाकी बाग नेहमीप्रमाणे उघडी.

ऑक्टोबरात द्राक्षे पिकली. उघड्या वेलीवरचे मणी चुरडून नळीत ठेवले, ते दीड-दोन दिवसांत फसफसायला लागले. काचेखालचे आणि कापसातले मणी तसेच चुरडून ठेवले, तर काही हालचाल नाही. गोड रस गोडच राहिला. मग त्याने काचेच्या घरातले काही घड काढून बाहेर उघड्या वेलींवर टांगले आणि पुन्हा तपासले. आता तेही आंबू लागले. यीस्ट बाहेरूनच आले होते.

पॅरिसच्या अकादमीला हे दाखवायचे, तर झाकलेले घड तिथवर न्यायला हवेत, आणि तेही कुठे न घासता, न चिरडता. पाश्चरची बायको आणि मुलगी ते घड आगगाडीच्या डब्यात सांभाळून, उभे धरून पॅरिसला घेऊन गेल्या. आपल्याकडे लग्नाचा रुखवत एसटीत मांडीवर धरून नेतात, ते चित्र डोळ्यांपुढे येते. अकादमीत पाश्चरने घड मांडले आणि ज्याला शंका असेल त्याने हे चुरडून पाहावे असे आवाहन केले.

अर्थात शास्त्रात कोणाचाच शब्द शेवटचा नसतो. पाश्चर गेल्यावर दोनच वर्षांनी, १८९७ साली, जर्मनीतल्या बुखनरने यीस्ट वाटून, गाळून, त्याच्या निर्जीव रसानेही साखर आंबवून दाखवली. म्हणजे बर्नारचे अगदीच चुकले नव्हते. आंबवणारे द्रव्य असते, पण ते द्राक्षात नव्हे, यीस्टच्या पोटात. आणि आजचे संशोधक सांगतात, की चांगल्या, न फुटलेल्या द्राक्षावर वाइनचे खास यीस्ट फार थोडे असते. ते फुटक्या मण्यांवर वाढते, आणि गांधीलमाश्या ते एका बागेतून दुसरीकडे नेतात.

विकतची द्राक्षे

आता जो वाइन करतो पण बाग लावत नाही, त्याने यातून काय घ्यायचे? लहान वाइनवाला दुसऱ्याच्या बागेतून द्राक्षे विकत घेतो. पाश्चरच्या प्रयोगानंतर त्याला कळले, की तो नुसती साखर आणि रस विकत घेत नाही, सालीवर बसलेली सगळी वस्तीही घेतो. सोबत चांगले यीस्ट येते, तसेच फुटक्या मण्यांवरचे शिरक्याचे जंतूही येतात. म्हणून मणी न फुटता, उन्ह चढायच्या आत तोडलेला माल उथळ क्रेटमध्ये भरून लगोलग कारखान्यात न्यायचा, असा आजचा दंडक आहे. मग थोडे गंधकाचे द्रव्य घालून नको ते जंतू दाबतात आणि निवडक यीस्ट वरून सोडतात. ट्रॉलीत दाबून भरलेला, दुपारभर रस्त्यात तापलेला माल वाइनचा नाही, शिरक्याचा.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा जुना नाही. नारायणगाव भागात १९८० च्या दशकात तो उभा राहिला. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क निघाले. वाइनची द्राक्षे खायच्या द्राक्षांसारखी नसतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. रसात साखर किती, ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या नळीत एक थेंब टाकून उजेडाकडे धरले की दिसते. शंभर ग्रॅम रसात बावीस-चोवीस ग्रॅम साखर असली, म्हणजे बावीस-चोवीस ब्रिक्स झाले, की तोड करतात. बावीसच्या रसातून साधारण बारा टक्के अल्कोहोल निघते, आणि पाऊण लिटरच्या एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात.

हे वाचून आपल्या कापूसवाल्यांना आपले मापयंत्र आठवले असेल. गाडी केंद्रावर लागली की ग्रेडर ओलावा बघतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, बाराच्या वर गेला की माल परत. आकडा त्याच्या हातात, आपण बघत उभे. द्राक्षवाल्यांचेही तेच आहे. साखर मोजणार खरेदीदार, तोडीचा दिवस ठरवणार खरेदीदार. ज्यांना हे कळते, ते स्वतः रिफ्रॅक्टोमीटर बाळगतात, तोडीच्या आधी आठ-दहा दिवस रोज बागेतले वेगवेगळे मणी तपासतात आणि छाटणीच्या आधीच भाव, साखरेची मर्यादा व मोजणी कुठे व कोणासमोर व्हायची ते कागदावर घेतात. नाही घेतले तर काय होते तेही या राज्याने पाहिले आहे. वाइनची द्राक्षे हातगाडीवर खपत नाहीत, खरेदीदार एकच. २००८ नंतरच्या मंदीत माल उचलणारे थंडावले, तेव्हा नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी लावलेल्या बागा उपटून टाकल्या.

वाइन प्यावी का, हा प्रश्न वेगळा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि आपल्या तालुक्यातल्या बायकांना दारूबद्दल काय वाटते ते ग्रामसभेत बसणाऱ्यांना सांगायला नको. पण नासते काय आणि का, हे शास्त्र दह्यालाही लागू आहे, मोहफुलालाही आणि ओल्या तुरीलाही.

मेंढ्या आणि कुत्रे

पुढचा पाश्चर सर्वांना माहीत असलेला, म्हणून थोडक्यात. गुरांच्या फाशी रोगावर त्याने काम केले. फाशीने मेलेले जनावर जिथे पुरतात, तिथल्या मातीतून गांडुळे रोगाचे बीज वर आणतात आणि तिथे चरणारी गुरे पुन्हा मरतात, असे त्याने दाखवले. ग्रामपंचायतीने मेलेली ढोरे कुठे टाकायची हे ठरवताना आजही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मे १८८१ मध्ये पुयी-ल-फोर या गावी उघड्यावर, लोकांसमोर त्याने पंचवीस मेंढ्यांना लस दिली, पंचवीस तशाच ठेवल्या, आणि नंतर सर्वांना रोग टोचला. २ जूनला लोक पाहायला जमले, तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या, बाकीच्या बहुतेक मेल्या होत्या किंवा मरायला टेकल्या होत्या. ती लस त्याने लोकांना भासवली त्याहून वेगळ्या रीतीने, त्याच्या शांबरलाँ या सहकाऱ्याच्या पद्धतीने केलेली होती, हे त्याच्या खासगी वह्या पुढे विसाव्या शतकात उघडल्यावर कळले. मोठा माणूसही स्पर्धेत असा वाकतो.

६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर त्याच्याकडे आणला गेला. लस दिली, पोरगा वाचला. त्याच साली ऑक्टोबरात दुसरा आला, झ्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा गुराखी, आर्बुआजवळच्याच एका गावचा. बाकीच्या पोरांना वाचवायला तो पिसाळलेल्या कुत्र्याला भिडला होता. तोही वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उघडली. तिथेच काम शिकलेला हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

एवढे नाव झाले, पण पाश्चर सुट्टीत आर्बुआलाच येई. बापाचे घर त्याने वाढवले, त्यात एक प्रयोगशाळा केली. सप्टेंबरात तिथे एक जत्रा असते. सगळे बागवाले आपापल्या बागेतले घड आणून बांधतात, त्यांचा माणसाएवढा एकच प्रचंड घड तयार होतो आणि तो दांड्याला टांगून चौघे खांद्यावर घेऊन वाजतगाजत देवळात नेतात. आपण नवे धान्य जगदंबेला दाखवतो, तसेच. गावात असला म्हणजे पाश्चर त्या मिरवणुकीत चाले.

१८९५ च्या उन्हाळ्यात मात्र त्याला आर्बुआला नेता आले नाही. पॅरिसजवळच संस्थेच्या एका जागेत त्याला ठेवले होते. २८ सप्टेंबर रोजी तो वारला. आर्बुआला तेव्हा द्राक्षतोडीची तयारी चालू होती. रोझिएरची ती बाग आजही आहे, आणि तिच्यातली द्राक्षे आजही तोडली जातात.